गावरान भाज्यांची लागवड, बियाणे राखण आणि आठवडे बाजारातील विक्री

प्रश्न : आमच्याकडे आजीच्या काळापासून राखलेले काटेरी वांगे, वाल घेवडा आणि दोडक्याचे बियाणे आहे. शहरातील शेतकरी आठवडे बाजारात विकण्यासाठी या भाज्या एकरभर लावाव्यात का? बियाणे शुद्ध कसे ठेवावे?

उत्तर : लागवड अवश्य करावी, परंतु पहिल्या हंगामात एकरभर न करता प्रत्येक भाजीला दोन-तीन गुंठेच द्यावेत. गावरान वाणाचा माल एकसारख्या आकाराचा निघत नसल्याने घाऊक बाजारात त्याला सहसा योग्य दर मिळत नाही. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळल्यानंतर थेट विक्रीची वाट मोकळी झाली असून, चवीसाठी दोन पैसे जास्त देणारा ग्राहक आठवडे बाजारातच भेटतो. तो दर आठवड्याला यावा, यासाठी मालही दर आठवड्याला असावा लागतो.

इथेच घेवडा अडचण करतो. वालाचे बहुतेक जुने वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. त्यामुळे जूनमध्ये टोकले किंवा जुलैअखेर टोकले, तरी शेंगा साधारण एकाच सुमारास येतात. तोपर्यंतचे आठवडे भरून काढण्यासाठी वांग्याची रोपे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने टाकावीत. वांग्यातील कीडग्रस्त, माना टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करावेत.

बियाण्याच्या बाबतीत घेवड्याची फारशी काळजी नाही, कारण तो मुख्यत्वे स्वपरागी आहे, म्हणजे फुलाला स्वतःच्याच परागाने फळ धरते. वांगे बऱ्याच अंशी स्वपरागी असले तरी मधमाश्या दुसऱ्या वाणाचे पराग आणतात. म्हणून शेजारी संकरित वांगी असल्यास किमान २०० मीटर अंतर ठेवावे, आणि ते शक्य नसल्यास निवडलेल्या झाडांच्या कळ्यांना उमलण्यापूर्वी मलमलची पिशवी बांधावी. फळ झाडावरच पिवळे होऊ द्यावे. पर्णगुच्छ रोगाच्या (पाने बारीक होऊन झुपके येणाऱ्या) झाडाचे बी मात्र कधीही धरू नये.

खरी मेहनत दोडक्याला लागते. त्याची नर व मादी फुले वेगळी असून ती संध्याकाळी उमलतात, आणि जवळ घोसाळी असल्यास संकर होऊ शकतो. दुपारी पाकळ्या पिवळ्या दिसू लागलेल्या, पण मिटलेल्या दोन्ही प्रकारच्या कळ्या दोऱ्याने हलक्या बांधाव्यात. संध्याकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या कुक्षीवर (मधल्या पराग धरणाऱ्या टोकावर) फिरवावेत आणि मादी फूल पुन्हा बांधावे. देठाला रंगीत दोरा बांधला म्हणजे ते फळ तोडणीत जात नाही. ते वेलीवरच वाळू द्यावे. हलवल्यावर आत बी खुळखुळले की काढावे. एकाच वेलीवर विसंबू नये, जमेल तितक्या निरोगी वेलींचे बी एकत्र करावे.

राखलेले बी विकण्याविषयी अनेकांच्या मनात शंका असते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित (या कायद्याखाली नोंदवलेल्या) वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. भाजीलाही आपल्या गावाचेच नाव द्यावे. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव इतरत्र पिकलेल्या वांग्याला लावू नये. संकरित माल गावरान म्हणून पाटीत मिसळणे तर पूर्ण टाळावे, कारण चव ओळखणारा ग्राहक एकदा दुरावला की परत येत नाही.

रोपवाटिका टाकण्यापूर्वी वांग्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. ७० पेक्षा कमी दाणे उगवल्यास त्या प्रमाणात बी वाढवून टाकावे.