सगळ्यांचं भलं करणाऱ्या हुकूमशहासमोर सुपरहिरोने उभं कसं राहावं?

तुमच्या कथेतल्या हुकूमशहाने जगातली भूक संपवली, युद्धं थांबवली आणि एका जीवघेण्या आजारावरचं औषध घरोघरी फुकट पोचवलं. लोकांचं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे. तुमची नायिका उडू शकते, मैलभर लांबचं बोलणं ऐकू शकते, हाताने पूल उचलू शकते. पण ती त्याला आव्हान द्यायला गेली की कच्चा मसुदा वाचणारे सगळे त्याचीच बाजू घेतात. अशा माणसाला तिने हरवायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तिने त्याच्या कामाशी भांडूच नये. एकच मुद्दा धरून ठेवावा आणि शेवटपर्यंत सोडू नये: या माणसाला 'नाही' म्हणायची आणि वेळ आली तर घरी पाठवायची सोय कुणाकडे आहे?

त्याआधी एक मोह टाळा. अशा कथेत लेखक अडला की तळघर काढतो. दार उघडतं, आत कोंडलेली माणसं सापडतात, किंवा ते औषध मुलांच्या रक्तातून बनतं असं कळतं. नायिकेचं काम सोपं होतं, पण तुमचा मूळ प्रश्न तिथेच मरतो. वाचक एवढंच शिकतो की तळघर असलेला हुकूमशहा वाईट. मग तळघर नसलेला चालेल का? तुम्हाला तेच तर विचारायचं होतं. म्हणून त्याचं चांगलं काम खरंच चांगलं असू द्या. औषध खरं, धान्य खरं, शांतता खरी, आणि त्याचा हेतूही खरा.

मग त्यात चूक काय उरते? रोमन कायद्यात स्वतंत्र माणूस आणि गुलाम यांच्यातला फरक मालक किती मारतो यावर ठरत नव्हता. दुसऱ्याच्या मालकीचा असलेला तो गुलाम. मालक प्रेमळ असला, आयुष्यात एकदाही हात उगारला नाही, तरी उद्या सकाळी त्याचं मन फिरलं तर अडवणारं कुणी नाही. तुमच्या कथेतलं सगळं जग त्या अवस्थेत आहे. फक्त सकाळ अजून चांगली उजाडतेय.

हे वाचकाला भाषणातून पटणार नाही. प्रसंग लागेल, आणि तो अगदी छोटा असावा असं मला वाटतं. समजा, एका दवाखान्यात एक परिचारिका रोज त्या औषधाच्या नोंदी ठेवते. तिच्या लक्षात येतं की औषध घेतलेल्या काही रुग्णांचे हात थरथरायला लागलेत. एक म्हातारा शर्टाचं बटण लावायला बसतो, तीनदा सुटतं, आणि तो हसून म्हणतो, "वय झालं." परिचारिकेला माहीत असतं की हे वयाने झालेलं नाही. तरी ती नोंदवहीत 'प्रकृती ठीक' असं लिहिते. तिला कुणी धमकावलेलं नाही. तिचा स्वतःचा मुलगा त्याच औषधाने वाचलाय. ज्याने मुलगा परत दिला, त्याच्या औषधात खोट काढायची तिला लाज वाटते.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. हुकूमशाहीत माणसं भीतीने गप्प बसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उपकाराच्या ओझ्यानेही माणसं तितकीच गप्प बसतात, हे मात्र कथांमध्ये क्वचित दिसतं. हुकूमशहा बिचारा खोटं बोलत नसतो. त्याच्यापर्यंत खरं पोचतच नसतं.

इतिहासात याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. चीनमध्ये १९५८ साली 'मोठी झेप' ही उत्पादन झपाट्याने वाढवायची सरकारी मोहीम सुरू झाली तेव्हा गावोगावच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे आकडे फुगवून वर पाठवले. त्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं, परदेशी निर्यातही चालू ठेवली, आणि १९६१ पर्यंत कोट्यवधी माणसं भुकेने गेली. तिथे भीती होतीच, पण स्वप्नावर मनापासून विश्वास ठेवणारेही होते. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचं निरीक्षण प्रसिद्ध आहे: मोकळी वृत्तपत्रं आणि खऱ्या निवडणुका असलेल्या लोकशाहीत भूकबळींचा मोठा दुष्काळ पडलेला नाही. राज्यकर्ते तिथे जास्त दयाळू असतात असं काही नाही. ओरडणाऱ्याचा आवाज तिथे वरपर्यंत जातो आणि न ऐकणाऱ्याची खुर्ची जाते.

आता नायिकेची पहिली भेट लिहा. तिला लांबचं ऐकू येतं, तर त्या परिचारिकेचा हुंदका तिला ऐकू येऊ द्या. ती थेट हुकूमशहाकडे जाते आणि थरथरणाऱ्या हातांची गोष्ट सांगते. बहुतेक लेखक इथे त्याला चिडवतील. तुम्ही तसं करू नका. त्याला धक्का बसू दे, डोळ्यांत पाणी येऊ दे. त्याच रात्री तो औषधात सुधारणा करतो, म्हाताऱ्याला स्वतः भेटायला जातो, आणि यापुढे तक्रारी थेट आपल्याकडे याव्यात, आपण प्रत्येक वाचू, असं जाहीर करतो. लोक आणखीच भारावतात. नायिका हरल्यासारखी दिसते.

मग ती विचारते, "आणि तक्रार तुमच्याबद्दल असेल तर? ती कोण वाचणार?"

माझ्या दृष्टीने तुमच्या कथेतला खरा सामना हा आहे. इथे त्याच्याकडे उत्तर नाही, कारण प्रामाणिक उत्तर दिलं तर त्याला सत्तेचा एक तुकडा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा लागेल. तो देत नाही. का देत नाही, यात त्याचं सगळं व्यक्तिमत्त्व आहे. त्याला सत्तेची हाव नसावी. लोकांवर विश्वास नसावा. "मी बाजूला झालो की ते पुन्हा एकमेकांचे गळे धरतील," असं तो म्हणेल, आणि तेव्हा त्याच्या आवाजात खरी काळजी हवी.

त्याच्या या म्हणण्यात तथ्य आहे, हे नायिकेने मान्य केलं पाहिजे. एका हाताने उभं केलेलं त्या हाताबरोबर पडतं. डेन्मार्कचा राजा सातवा ख्रिश्चन मानसिकदृष्ट्या आजारी होता. त्याचा डॉक्टर स्ट्रुएन्सी याने १७७० पासून जेमतेम दीड वर्ष खरा कारभार चालवला. छळ करून कबुली घेणं बंद केलं, छपाईवरची सेन्सॉरशिप उठवली, सरदारांचे विशेषाधिकार कापले, एकामागून एक हजारावर हुकूम काढले. जानेवारी १७७२ मध्ये त्याला अटक झाली, एप्रिलमध्ये शिरच्छेद. त्याच्या बहुतेक सुधारणा मागे घेतल्या गेल्या. ऑस्ट्रियाचा राज्यकर्ता दुसरा जोसेफ याने तर आपल्याच सत्तेखालच्या हंगेरीतल्या बहुतेक सुधारणा १७९० च्या जानेवारीत स्वतःच्याच सहीने रद्द केल्या आणि पुढच्या महिन्यात तो वारला. दोघांच्याही सुधारणांमध्ये चांगलं बरंच होतं. पण ज्यांच्यासाठी केल्या त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्या वाचवायला पुरेसे लोक पुढे आले नाहीत.

म्हणून तुमच्या नायिकेने त्याला खाली खेचायच्या आधी एक कंटाळवाणं, लांबलचक काम करायला हवं. धान्य वाटणारी माणसं, औषध बनवणारी माणसं, धरणं सांभाळणारी माणसं यांना त्याच्याशिवाय ते काम येतं का, हे तिने बघावं. येत नसेल तर शिकवावं, किंवा शिकवणारे शोधावेत. सुपरहिरोच्या कथेत हे रंगणार नाही असं वाटेल. मला उलट वाटतं. पूल उचलू शकणारी बाई रात्री एका गोदामात बसून हिशेब समजून घेतेय, हे दृश्य मी शंभर मारामाऱ्या सोडून वाचेन.

आणि 'माझ्याशिवाय मानवजात एकत्र येऊच शकत नाही' या त्याच्या दाव्याला तिच्याकडे उत्तर आहे. देवी या रोगाच्या निर्मूलनाचा प्रस्ताव जागतिक आरोग्य परिषदेत १९५८ साली सोव्हिएत संघाने मांडला. १९६७ पासूनच्या जोरदार मोहिमेचं नेतृत्व डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरने केलं. सोव्हिएत संघाने लशीचा प्रचंड साठा दिला. हे सगळं शीतयुद्ध चालू असताना, एकमेकांवर अण्वस्त्रं रोखलेली असताना. १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. साऱ्या जगाचा मालक कुणीच नव्हता. भांडणं, उशीर, चुका सगळं झालं, तरी झालं.

तो पुढे विचारेल, "मला कुणी निवडलं नाही, तसं तुला तरी कुणी निवडलंय?" हा घाव जिव्हारी लागला पाहिजे. नायिकेने इथे हुशार उत्तर देऊ नये, कारण तो बरोबर आहे. तिने काहीतरी सोडावं. स्वतःला थांबवायचं साधन दुसऱ्यांच्या हाती द्यावं, आपल्या ताकदीवर एखादी मर्यादा उघडपणे स्वीकारावी. तिच्या ताकदीची तोड माहीत असलेला एखादा शास्त्रज्ञ असेल तर ती तोड तिने लोकांनी निवडलेल्या सभेकडे सुपूर्द करावी. त्याला जे जमलं नाही ते तिने करून दाखवलं, की वाचक बाजू बदलतील.

तिने त्याला मारून टाकावं का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. नको. रोममध्ये हुकूमशहा हे संकटकाळचं पद होतं आणि त्याची मुदत सहा महिन्यांची असे. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने ते आजन्म घेतलं आणि त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. मारणाऱ्यांना प्रजासत्ताक परत हवं होतं. मिळाली यादवी युद्धं, आणि शेवटी ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. प्रिय हुकूमशहाला मारलं की तो हुतात्मा होतो आणि त्याच्या नावावर पुढचा बसतो.

सगळ्यात अवघड वळण मतदानाचं आहे, आणि ते तुम्ही टाळू नये. समजा तिच्या दबावाने तो मत घ्यायला तयार होतो आणि प्रचंड बहुमताने जिंकतो. आता? १८०२ मध्ये फ्रेंचांना विचारलं गेलं की नेपोलियनने आजन्म कॉन्सुल, म्हणजे सरकारचा प्रमुख, व्हावं का. अधिकृत आकड्यांनुसार ३५ लाखांहून अधिक 'हो' आले आणि नऊ हजारही 'नाही' आले नाहीत. त्या प्रश्नात पुढच्या मतदानाची तारीखच नव्हती. माझ्या मते नायिकेने निकाल मानावा, पण आधी एक अट जिंकून घ्यावी: पुढच्या मतदानाची तारीख आत्ताच ठरेल, आणि न्यायालय, छापखाने व मतमोजणी त्याच्या हाताबाहेर राहील. एवढं झालं आणि तरी लोकांनी त्यालाच ठेवलं, तर राहू दे. तो आता हुकूमशहा उरला नाही. ही कथा तिथेही संपू शकते, आणि मला तो शेवट पराभवाचा वाटत नाही.

मारामारी हवीच असेल तर ती इथे येते: ठरलेल्या तारखेला तो मतदान होऊ देत नाही तेव्हा. कारण त्याच्या डोक्यात बसेल असं द्या, एखादी नवी साथ, "फक्त यावेळी पुढे ढकलू." तोवर गोदामातली माणसं काम शिकलेली असतील, परिचारिका खऱ्या नोंदी लिहीत असेल, आणि त्याचे हुकूम पाळायला नकार देणारे काहीजण उभे राहिले असतील. नायिकेने त्याच्यावर चाल करून जाऊ नये. नकार देणाऱ्यांच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहावं, पहिला फटका त्याचा असू द्यावा. तिची सगळी ताकद त्या माणसांना शाबूत ठेवण्यात खर्च होऊ दे. त्याला पाडायचं काम त्यांचंच आहे, हुकूम न पाळून.

एक शेवटची सूचना. सध्या तुमचा मसुदा सगळा नायिकेच्या नजरेतून आहे. निदान दोन प्रकरणं परिचारिकेच्या नजरेतून लिहून बघा: पहिली खोटी नोंद करते ते, आणि ती नोंद खोडून खरी लिहिते ते. लिहून झालं की इथे टाका, मी नक्की वाचेन.