मेलबर्नमध्ये मुलाला शाळेत ग्रीकांच्या ‘ओही दिना’ला कविता म्हणायची आहे. आपला काय संबंध? पाठवावं का?

पाठवा. पण तुमचं ‘आपला काय संबंध’ मी माझ्याच घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्हीही मेलबर्नमध्येच, ओकलीजवळ राहतो. माझ्या मुलीच्या सरकारी शाळेतही दुसरी भाषा ग्रीकच. तिसरीत असताना तिला याच ‘ओही’, म्हणजे ‘नाही’, दिनासाठी चार ओळी पाठ करायला दिल्या होत्या. त्या आठवड्यात मोठे दीर जेवायला आले होते आणि ही ताटावर बसून त्या ओळी पुटपुटत होती. भाऊजी म्हणाले, “शिवजयंतीला पोवाडा म्हण म्हटलं तर लाजतेस, आणि परक्यांच्या लढाईचं बरं पाठ होतं!” पोरीचा घास हातातच राहिला. मी वाढत होते, काही बोलले नाही. ते गप्प राहणं अजून टोचतं.

कार्यक्रमाला रजा टाकून गेले. निळे-पांढरे झेंडे, फुस्तानेला, म्हणजे ग्रीक पुरुषांचा घोळदार पांढरा घागरा, घातलेली मुलं, हुतात्म्यांसाठी एक मिनिट स्तब्धता. बाईंनी गोष्ट सांगितली. २८ ऑक्टोबर १९४०, पहाटेचे तीन. इटलीचा राजदूत ग्रात्सी मुसोलिनीचा खलिता घेऊन पंतप्रधान मेताक्सास यांच्या घरी जातो: आमच्या फौजांना वाट द्या. उत्तर मिळतं, नाही. अडीच-तीन तासांत अल्बेनियाच्या सरहद्दीवरून हल्ला. पिंडसच्या डोंगरात बायकांनी पाठीवरून दारूगोळा वाहिला आणि ग्रीकांनी इटालियन फौज उलट अल्बेनियात रेटली. मग सगळी मुलं ‘ओही!’ म्हणून ओरडली. त्यात भारतीय होती, व्हिएतनामी होती, इटालियन आडनावाचीही होती.

माझ्या शेजारी मुलीच्या मैत्रिणीची याया, म्हणजे आजी, बसली होती. त्या डोंगरातल्या थंडीने तिच्या वडिलांच्या पायाची बोटं झडली होती. हे सांगून तिने मला विचारलं, “तुमच्या घरचं कुणी होतं का त्या युद्धात?”

होतं. माझे आजोबा १९४४ साली मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत होते. साताऱ्याच्या घरी ट्रंकेच्या तळाशी त्यांची पदकं आहेत. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे, आम्ही पाण्याचा तांब्या नेऊन ठेवायचो आणि खेळायला पळायचो. तिथे काय पाहिलंत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. यायाला सांगायला माझ्याकडे रेजिमेंटचं नाव आणि साल, एवढंच होतं.

म्हणून भाऊजींना, आणि तुम्हालाही, विचारते: परकी कशी? एप्रिल १९४१ मध्ये ग्रीसवर चालून आले ते जर्मन, आणि आपली माणसं इटलीत लढली तीही जर्मनांशीच. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने नावाच्या इटालियन गावाने त्यांचं स्मारक केलंय. आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? पोवाडा जरूर शिकवा, पण घरच्या ट्रंकेतलं युद्ध आधी उघडा. आणि तुमचा मुलगा वाढतोय त्या ऑस्ट्रेलियाचे सैनिकही १९४१ मध्ये ग्रीस आणि क्रीटमध्ये लढले. मेलबर्नच्या श्राइन ऑफ रिमेंब्रन्स या युद्धस्मारकाजवळ त्याचं वेगळं स्मारक आहे. मुलाला एकदा तिथे न्या.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. ‘नाही’ म्हणणारे मेताक्सास स्वतः १९३६ पासून हुकूमशहा होते. शाळेत हे सांगत नाहीत, मुलगा मोठा झाला की तुम्ही सांगा. दुसरं, महायुद्धानंतर ग्रीसमध्ये १९४९ पर्यंत यादवी चालली, घरंच्या घरं फुटली. त्यामुळे एखाद्या ग्रीक आजोबांना ‘तुम्ही कुठल्या बाजूला होतात’ असं सहज विचारू नका.

उच्चार कुणा ग्रीक शेजाऱ्याकडून करून घ्या. ‘ओही’ म्हणजे नाही आणि ‘ने’ म्हणजे होय, इथे आपली मुलं हमखास अडखळतात.

त्याच आठवड्यात मी भावाला फोन करून ट्रंक उघडायला लावली. पदकांचे फोटो मुलीने वर्गात नेले. भाऊजींनी ते दिवाळीला पाहिले, बराच वेळ हातात धरून. पोवाड्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.