पोर्टल लॉगिन होत नाही म्हणून ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज पुसल्या तर काय काय जातं?

तुम्ही लिहिलंय की दुकानातल्या कंप्युटरवर एक पोर्टल पासवर्ड बरोबर टाकला तरी परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडतंय. फोनवर सगळे 'कुकीज क्लिअर करा' एवढंच सांगतात, आणि तुम्हाला धास्ती आहे की पासवर्ड, बुकमार्क, झालेलं काम सगळंच जाईल. बुकमार्क त्यानं जात नाहीत. सेव्ह केलेल्या पासवर्डचा चौकोन वेगळा असतो, त्यात टिक नसली की तेही राहतात. पण काम जाऊ शकतं. म्हणून सरसकट पुसू नका, त्या एका पोर्टलचाच डेटा काढा.

हे इतकं कळकळीनं सांगतोय, कारण माझ्या हातून हे झालंय. ऐन गुळाच्या हंगामात मी मार्केट यार्डात मामांच्या अडत दुकानात बसत होतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद, आम्ही एका वेबसाइटवर बनवायचो. त्या दिवशी सकाळपासून नेट बंद होतं, तरी वेबसाइट चालत होती. पट्टी भरली की ती ब्राउझरमध्येच ठेवून घ्यायची आणि नेट आलं की वर पाठवायची. दुपारी नेट आलं, पण पट्ट्या काही वर जाईनात, नुसतं चक्र फिरत राहिलं. मी कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबलं, 'ऑल टाइम' निवडलं, कुकीज आणि साइट डेटावर टिक केली आणि डिलीट करून मोकळा झालो. वेबसाइट लगेच सुरू झाली. सकाळच्या ४३ पट्ट्या मात्र कुठंच नव्हत्या.

मामा एक शब्द बोलले नाहीत. दिवाणजींनी तोलाईची वही काढली, आणि रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, हमाली किती, असं एकेक वाचत आम्ही दिवेलागणीपर्यंत पट्ट्या परत भरल्या. पन्हाळ्याकडचे एक आजोबा पट्टीसाठी शेवटच्या एसटीपर्यंत बाकावर बसून होते. ती वही नसती तर त्यांना काय सांगितलं असतं, हे मला अजून सुचत नाही.

तेव्हापासून मी हे नीट समजून घेतलं. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल ठेवली की नंबरचा बिल्ला मिळतो ना, लॉगिनची कुकी म्हणजे तो बिल्ला. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. कुकी असते जेमतेम ४ केबीची. खरा माल सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइटच्या कंप्युटरवर, तुमच्याकडे फक्त खूण. बिल्ला हरवला तर चप्पल जात नाही, तुम्ही कोण ते पुन्हा सांगावं लागतं, म्हणजे परत लॉगिन. तुमच्या पोर्टलचं बहुतेक असंच झालंय: ब्राउझर जुना बिल्ला दाखवतोय आणि पोर्टल तो नाकारतंय.

पण 'साइट डेटा' या शब्दाखाली आणखीही काही असतं. लोकल स्टोरेज आणि इंडेक्स्डडीबी ही वेबसाइटला तुमच्याच कंप्युटरवर मिळालेली कोठारं आहेत. अर्धवट भरलेला फॉर्म, न पाठवलेलं बिल, ऑफलाइन नोंदी तिथं पडून असतात, आणि कित्येकदा त्यांची दुसरी प्रत कुठंच नसते. क्रोममध्ये कुकीज आणि ही कोठारं एकाच टिकेखाली येतात. आमचा घात तिथंच झाला. 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' मात्र खुशाल पुसा, ती चित्रं आणि फाइली परत उतरतात.

आता तुमचं काम. क्रोममध्ये ते पोर्टल उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करा, 'कुकीज अँड साइट डेटा' आणि मग 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा'. तिथं पोर्टलच्या नावापुढं कचराडबा दिसेल; त्या पोर्टलवर न पाठवलेलं काम पडून नसेल तरच तो दाबा. लॉगिनसाठी ते दुसऱ्या पत्त्यावर नेत असेल तर त्याही नावाचा डेटा काढा, नुसतं एक काढून पुष्कळदा भागत नाही. मग टॅब बंद करून नव्यानं उघडा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'मॅनेज डेटा' आहे, तिथं नाव शोधून तेवढंच काढता येतं.

पुसण्याआधी इन्कॉग्निटो खिडकीत एकदा लॉगिन करून बघा. तिथं जुन्या कुकीज नसतात, आणि एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या सोयी, सहसा बंद असतात. तिथं झालं तर दोष जुन्या डेटाचा किंवा एखाद्या एक्स्टेंशनचा. तिथंही होत नसेल तर पुसून उपयोग नाही, गडबड पोर्टलकडं असेल किंवा कंप्युटरची तारीख चुकली असेल. जुन्या मशीनचा सेल उतरला की तारीख मागं जाते, तीही बघून घ्या.

रोज पुसायची गरज नाही. तुमच्याकडं गिऱ्हाइकांचे फॉर्म भरत असाल तर मात्र प्रत्येकाचं काम गेस्ट खिडकीत करा. ती बंद केली की त्यांचं लॉगिन तिथंच संपतं, आणि एकाचा अर्ज दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याची भीती राहत नाही. फक्त खिडकी मिटण्याआधी पावती डाउनलोड झालीय का, ते गिऱ्हाइकासमोरच उघडून बघा.