बोनेटवरचे पांढरे डाग

अरे, गाडीच्या बोनेटवरचे ते पांढरे डाग नखाने खरवडू नकोस. ठाण्यात घोडबंदर रोडला आपल्याकडे गाड्या बहुतेक बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने धुतात. उन्हात पाणी उडून जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रंगावर चिकटून बसतात. नुसत्या शाम्पूने ते हलत नाहीत.

गाडी सावलीत घे, बोनेट हाताला गार लागू दे. आधी धूळ नीट धुऊन काढ, नाहीतर तीच ओरखडे पाडेल. मग पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं घेऊन मायक्रोफायबरचं फडकं भिजव, डागावर मिनिटभर नुसतं ठेव. रगडायचं नाही, वाळूही द्यायचं नाही. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं कर. माझ्या काळ्या गाडीला दोन खेपा लागल्या.

मग बोट फिरवून बघ. खरखरीत लागलं तर क्षार अजून वर आहेत. गुळगुळीत लागूनही गोल कडा दिसली, तर क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्ला गेलाय. तिथे पॉलिशच हवं, आणि तेही बेताने. व्हिनेगरने वॅक्स उतरतं, ते पुन्हा लाव.

सकाळी गाडी धुणाऱ्या दादांना शेवटी कोरडा हात मारायला सांग. मी त्यांना त्यासाठी वेगळं फडकंच देऊन ठेवलंय.