अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला फिरवताना तोंडाला जाळी घालावी का?

घालावीच. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला म्हातारी माणसं असतात, पोरं पळत असतात. 'आमचा काही करत नाही हो' म्हणून भागत नाही. एक चावा म्हणजे समोरच्याला रेबीजच्या इंजेक्शनांसाठी पुन्हा पुन्हा दवाखाना. शिवाय पाळीव जनावराबाबत हलगर्जी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण जाळी कोणती, हे महत्त्वाचं. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी नको. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं, मुख्यतः त्यानेच त्याचं अंग थंड होतं. उन्हात तोंड बंद राहिलं तर जिवावर बेतेल. टोपलीसारखी घ्या, आत तोंड उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे.

आमच्या मोतीसाठी मी जाळीच्या तळाशी दही लावायचो. तो आपणहून नाक आत घालून चाटायचा. आठवडाभर पट्टा बांधलाच नाही, मग मिनिटभर, मग अंगणात एक फेरी. आता जाळी दिसली की शेपटी हलवतो. पहिल्याच दिवशी जबरदस्तीने कोंबलीत तर पंजाने ओरबाडून नाक सोलून घेईल बिचारं.

आणि जाळी घातली तरी साखळी हातातून सोडू नका.