एक की बिघडली, तर काय काय बदलावं लागेल?

प्रश्न : रोज पाच-सहा तास टायपिंग असतं. नवा लॅपटॉप घेताना कीबोर्ड कसा पारखावा?

उत्तर : की किती खाली जाते ते आधी बघा. १.३ ते १.५ मिलिमीटर असेल तर दाबल्याचं नीट कळतं. फार उथळ असेल तर बोटं तळावर आपटून दुखतात. अ‍ॅपलच्या २०१५च्या ‘बटरफ्लाय’ रचनेत (कीखाली फुलपाखराच्या पंखांसारखा जोड) ही हालचाल फारच कमी होती. धुळीचा कण अडकला की अक्षर दोनदा उमटे किंवा उमटतच नसे. २०१९च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी पुन्हा कात्रीच्या रचनेकडे (कीखाली कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले दोन तुकडे) वळली.

स्पेसबार दोन्ही टोकांना दाबून बघा, आवाज आणि दाब सारखाच हवा. मधल्या कीजवर जोर द्या. पत्रा लवत असेल तर ते मॉडेल सोडा. (कीजखालचा दिवा मात्र निव्वळ सोय, टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही.)

सगळ्यात महत्त्वाचं, कीबोर्ड स्क्रूने बसवलाय की रिवेटने, म्हणजे पुन्हा न उघडता येणाऱ्या पक्क्या खिळ्यांनी? रिवेट असतील तर एका कीपायी वरचं अख्खं कव्हर बदलावं लागतं, काही मॉडेलांत चिकटवलेल्या बॅटरीसकट. कंपनीच्या संकेतस्थळावर सर्व्हिस मॅन्युअल (दुरुस्तीची माहितीपुस्तिका) असेल तर त्यात कीबोर्ड स्वतंत्र सुटा भाग म्हणून दिलाय का, ते खरेदीआधीच तपासा.