नौदलातून निवृत्त झालेल्या इंजिनियर सासऱ्यांच्या स्मरणपुस्तिकेत काय लिहावे?

तुम्ही लिहिलेय की सासरे नौदलात इंजिनच्या शाखेत होते, वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे, आणि ते बोटीवर नेमके काय करत हे घरात कुणालाच सांगता येत नाही. 'प्रत्यक्ष लढाईत भाग नव्हता' म्हणून नोकरीबद्दल दोन ओळी टाकून बाकी सगळे कुटुंबाबद्दल लिहावे का, असे विचारलेत.

नको. 'प्रत्यक्ष लढाईत भाग नव्हता' हे वाक्य तर आधी खोडा. बाकीचे नंतर बोलू.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नौदलाच्या जुन्या विक्रांत या विमानवाहू बोटीवर इंजिन रूम आर्टिफिसर, म्हणजे इंजिने सांभाळणारे तंत्रज्ञ होते. मॅट्रिक होताच लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेले, चार वर्षे कानस, लेथ, बॉयलर शिकले आणि पुढचे आयुष्य वाफेच्या बोटींवर काढले. त्यांच्या तेराव्याला जेवणे झाल्यावर चार लोक बोलायला उठले. आईच्या नात्यातले एक मामा, आता तेही थकलेत, म्हणाले, "माणूस देवासारखा. युद्ध झाले तेव्हा बोटीवर होते, पण खाली. लढाई वरच्यांनी केली." हे वाक्य मी लहानपणापासून दर गणपतीत त्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. अण्णा समोर बसून पान लावत असत आणि एक अक्षर बोलत नसत. त्या दिवशी ते समोर नव्हते. मी उठलो.

मी तिथे जे बोललो तेच इथे लिहितो, कारण तुमच्या सासऱ्यांनाही ते लागू पडेल.

1970 च्या जूनमध्ये विक्रांत मुंबईच्या गोदीत गेली ती बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना भेगा पडल्या म्हणून. वेल्डिंगने भागेल अशा त्या भेगा नव्हत्या. नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. वरून आदेश आला की बॉयलर पेटवायचे नाहीत. एवढी मोठी विमानवाहू बोट महिनोन्‌महिने थंड पडून राहिली. मग पूर्व पाकिस्तानात काय चालले आहे ते दिसू लागले, आणि नवे ड्रम आलेले नसतानाच 1971 च्या मार्चमध्ये जुन्या ड्रमांवर बॉयलर पुन्हा पेटवले. बोट ढकलणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) फेरे मिनिटाला 120 च्या वर न्यायचे नाहीत, म्हणजे वेग साधारण 14 नॉट, ताशी 14 समुद्री मैल. एरवी ती 24 नॉटच्या पुढे जायची.

आता विमानांचे बघा. डेक तोकडे. विमान सी हॉक असो की अलिझे, कॅटापल्टने, म्हणजे विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्राने फेकावे लागते, आणि विक्रांतचे कॅटापल्ट वाफेवर चालायचे. ती वाफ त्याच भेगाळलेल्या बॉयलरमधून यायची. शिवाय विमान उडवताना बोट वाऱ्यावर तोंड करून पळवावी लागते, तिथे एकेका नॉटला किंमत. 4 डिसेंबर 1971 ला सकाळी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर आठ सी हॉक गेली, त्याच दिवशी चितगाववरही हल्ला झाला. वैमानिकांचे धाडस वादातीत आहे, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या प्रत्येक उड्डाणाआधी खाली कुणीतरी गेजवर डोळे लावून उभा होता, आणि ज्या भांड्याला तडे गेलेत हे त्याला माहीत होते, त्याच भांड्यात वाफेचा दाब धरून होता. बॉयलर फाटला तर पहिला तो जाणार. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतच्याच शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. वर असलेल्याला निदान समुद्र दिसतो. खालच्याला फॅनचा आवाज, तेलाचा वास आणि पन्नासच्या घरातले तापमान, एवढेच.

9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिच्याबरोबर बुडालेल्या कॅप्टन मुल्लांचे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि ते असायलाच हवे. अण्णांच्या लोणावळ्याच्या बॅचचा एक जण तिच्या इंजिन रूममध्ये होता. अण्णा दर वर्षी त्या तारखेला जेवत नसत. आम्हाला वाटायचे उपास आहे.

मामांना मी विचारले, "यातले काय लढाई नव्हते ते सांगा." ते बोलले नाहीत. नंतर हात धुताना म्हणाले, "हे त्यांनी कधी सांगितले नाही." खरे आहे, नाही सांगितले. आम्ही विचारायला हवे होते असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना सांगायचे नव्हते, तो त्यांचा हक्क होता. पण ते गेल्यावर त्यांच्या कामाचा हिशेब दुसऱ्याने चुकीचा मांडावा, हे मी ऐकून घेणार नाही.

आता कुटुंबाकडे येतो. 'कुटुंबवत्सल, प्रेमळ, मनमिळाऊ' हे तीन शब्द वर्तमानपत्रातल्या प्रत्येक श्रद्धांजलीत असतात, ते तुम्ही घालू नका. नौदलातला माणूस वर्षातला बराच काळ घरी नसतो. माझा धाकटा भाऊ 1971 च्या नोव्हेंबरात जन्मला, तेव्हा बोट पूर्वेला होती आणि ती कुठे आहे हे आईला ठाऊक नव्हते. पत्त्यावर बोटीचे नाव आणि 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस' एवढेच लिहायचे. मुलगा झाल्याचे पत्र अण्णांना लढाई संपल्यावर मिळाले. ते पत्र आईने अजून जपून ठेवले आहे. त्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने बाळाचे वजन उतरवून घेतले आहे, आईने लिहिले होते तेच, पुन्हा स्वतःच्या अक्षरात.

असे काहीतरी शोधा. आमच्याकडे अण्णांची वही आहे. आम्हा भावंडांना ताप आला की दर चार तासांनी थर्मामीटर आणि नोंद: वेळ, ताप, औषध, सही. बोटीवर वॉच, म्हणजे पाळी बदलताना नोंदवहीत करतात तशीच. रात्री बाराचीही नोंद आहे आणि पहाटे चारचीही. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला ते स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावून मूठ कानाशी धरत आणि बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगत. बरोबर निघायचे. माणसांचे बोलणे मात्र त्यांना शेवटी शेवटी ऐकू येत नसे, आणि स्वतः फार मोठ्याने बोलत. शेजारी समजत की तापट आहेत. बॉयलर रूमच्या फॅनशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात, त्यात स्वभावाचा काही संबंध नाही. तुमचे सासरे मोठ्याने बोलत असतील तर हे आवर्जून लिहा, म्हणजे नातवंडांना आजोबा रागीट होते असे वाटणार नाही.

प्रत्यक्ष माहितीसाठी त्यांची सर्व्हिसची कागदपत्रे काढा, त्यात बोटींची नावे आणि तारखा सापडतील. मेडल्स पाहा: 'पूर्वी स्टार' नावाचे पदक असेल तर 1971 च्या युद्धातली पूर्व आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम. बोटीचे नाव मिळाले की ती त्या वर्षी कुठे होती हे शोधता येते. बरोबरचे कुणी हयात असतील तर लवकर फोन करा. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही विचारून बघा.

एक मात्र आहे. मी वाफेच्या बोटींबद्दल बोलतोय. सासरे गॅस टर्बाइनच्या किंवा डिझेलच्या बोटींवर असतील, पाणबुडीत असतील, किंवा सगळी नोकरी गोदीत किंवा शिकवण्यात गेली असेल, तर तपशील निराळा असेल, तो तुम्हीच शोधा. लढाई झालीच नाही अशा काळात नोकरी केली असेल तर ओढूनताणून लढाई घालू नका. नोकरीचा क्रमांक, पेन्शनचे कागद वगैरे पुस्तिकेत छापू नका. आणि त्यांनी मुद्दाम लपवलेले काही हाती लागले तर आधी सासूबाईंना विचारा.

सासूबाईंचे वेगळे पान हवे, ते तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो. बदल्या, शाळा, आजारपणे, रेशन, सगळे त्यांनी निभावले असणार. त्यांना बसवून बोलते करा, मधे कुणी दुरुस्ती करू नका, आणि त्या सांगतील तसेच त्यांच्या भाषेत छापा.

फोटोबद्दल घरात वाद होईल. पांढऱ्या गणवेशातला घ्या असे सगळे म्हणतील. बॉयलर सूटमधला, तेलाच्या डागांचा एखादा असेल तर मुखपृष्ठावर तो घाला. गणवेशातला आत.